गळ, गाळ आणि एक जुना हिशोब

खानदेशातल्या माणसाला हतनूर धरण आठवते ते पावसाळ्यात. ‘हतनूरचे सर्व ४१ दरवाजे उघडले’ ही बातमी आली, की भुसावळच्या पुलावर तापीचे पाणी पाहायला गर्दी होते. आयाबाया नारळ सोडतात, पोरे वाहून आलेली ओंडकी मोजतात, आणि चार दिवसांनी पूर ओसरला की आपण सगळे त्या धरणाला पुढच्या जुलैपर्यंत विसरून जातो. हिवाळ्यातले हतनूर फार थोड्यांना ठाऊक असते. पक्षी पाहणाऱ्यांना, केळीला पाणी देणाऱ्यांना आणि ज्यांची चूल त्या पाण्यावर पेटते त्या भोई-कोळी मंडळींना. गेल्या फेब्रुवारीतला एक अख्खा दिवस मी त्या पाण्यावर, पत्र्याच्या एका सपाट होडीत, हातात गळाची काठी धरून काढला. त्या दिवसाची ही हकिकत.

आधी कबुली देतो, की मी मासेमार नाही. चौतीस वर्षे शाळेत गणित शिकवले आणि निवृत्त झालो. घर माळकऱ्यांचे. आईने १९७८ साली कोथळीच्या मुक्ताईच्या दारी तुळशीची माळ घातली, तेव्हापासून घरात मासळीचा वाससुद्धा आलेला नाही. पण वडिलांना गळाचा नाद होता. ते भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते. आजच्या मुलांना सांगावे लागते, की एके काळी आमचे भुसावळ हे अर्धे रेल्वेचे आणि त्यातले बरेचसे अँग्लो-इंडियन गाव होते. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन यांचे बंगले, त्यांच्या नाताळच्या पताका आणि रविवारी सकाळी तापीच्या डोहावर टोप्या घालून बसलेले त्यांचे गळवाले. वडिलांनी हा नाद त्यांच्याकडून उचलला. त्यांच्यातले एक ड्रायव्हर १९६४ साली कुटुंबासह ऑस्ट्रेलियाला गेले, तेव्हा जाताना त्यांनी आपली काठी वडिलांना दिली. ती काठी अजून आमच्या माळ्यावर होती. बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेली, षट्कोनी, हाताला गुळगुळीत लागणारी, आणि तिला पितळेचे रीळ.

विलायतेत या खेळाचे मोठे शास्त्र आहे. आयझॅक वॉल्टन नावाच्या गृहस्थाने त्यावर १६५३ साली लिहिलेले पुस्तक अजून छापले जाते. तिकडे माशांतही जातपात आहे. सॅमन आणि ट्राउट हे खानदानी मासे, आणि रोच, ब्रीम, टेंच, कार्प हे सामान्य. या सामान्यांची शिकार कुणा जमीनदाराच्या तळ्यावर, परवानगी काढून, सपाट बुडाच्या होडीत दिवसभर बसून करायची. तरंडाकडे डोळे लावायचे, मासा लागला की पाहायचा, तोलायचा आणि बहुधा परत पाण्यात सोडायचा. नद्यांवर तर १५ मार्च ते १५ जून हा काळ अशा माशांना अभय असते. साहेबाने हा नाद बरोबर हिंदुस्थानात आणला. मद्रास इलाख्यातल्या एच. एस. थॉमस या अधिकाऱ्याने १८७३ साली भारतातल्या गळाच्या मासेमारीवर जाडजूड ग्रंथ लिहिला.

पण म्हणून हा साहेबी खेळ आहे असे समजू नका. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. राजाने राज्य कसे करावे याबरोबरच राजाने करमणूक कशी करावी, हेही त्यात सांगितले आहे. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे. कोणत्या माशाला कोणते खाद्य घालून जवळ आणावे, दोरी कशी असावी, गळ कसा असावा, सगळे तपशीलवार. वॉल्टनच्या पाचशे वर्षे आधी आपल्या दख्खनच्या पठारावर एक राजा गळ टाकून पाण्याकडे बघत बसला होता, हे वाचल्यावर मला वडिलांचा नाद जरा कमी परका वाटू लागला.

माळा साफ करताना काठीबरोबर वडिलांची डायरीही सापडली. खरे तर ‘सापडली’ म्हणणे बरोबर नाही. ती कुठे आहे हे आईला आणि मला दोघांनाही माहीत होते. आम्ही ती उघडत नव्हतो, एवढेच. काळ्या रेक्झिनची, खिशात मावणारी. सुरुवातीची काही पाने धुळ्याची. आत्या धुळ्याला होती. तिच्याकडे गेले की वडील नकाणे नाहीतर डेडरगावच्या तलावाकडे पळत. पुढे १९८३ पासून हतनूर. तारीख, जागा, पाण्याची खोली, मासा, वजन, असे रकाने फिटरच्या ठाशीव अक्षरात आखलेले. आणि शेवटचा रकाना ‘सं.’. त्यात रुपये. सं. २४. सं. १८. सं. ९. जवळजवळ दर रविवारी काही ना काही.

या ‘सं.’ने आमच्या घरात बरेच काही घडवले आहे. पगाराच्या पाकिटातून दर आठवड्याला दहा-वीस रुपये जातात कुठे, असे आई विचारायची आणि वडील ‘खर्च झाले’ म्हणून गप्प बसायचे. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती. ‘सं. म्हणजे संगत,’ हा आईचा निष्कर्ष. संगत म्हणजे पत्ते. मी शिकलेला असल्यामुळे माझा अर्थ सौम्य होता. मी म्हणायचो, सं. म्हणजे संकीर्ण. पण मनातून मीही आईच्या बाजूचा होतो. १९८४ साली मला बी.एड.ला प्रवेश मिळाला तेव्हा शुल्काचे पैसे कमी पडले आणि वडिलांनी ते उसने आणले. त्या रात्री मी बावीस वर्षांच्या पोराच्या तोऱ्यात त्यांना म्हणालो होतो, ‘पत्त्यांना पैसे असतात, माझ्या शिक्षणाला नसतात.’ त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि ते अंगणात जाऊन बसले. पुढे १९९९ साली ते गेले. त्या वाक्याबद्दल आमच्यात एक शब्दही झाला नाही.

तर काठी घेऊन मी हतनूरच्या काठाला गेलो. धरणातली मासेमारी ठेक्याने चालते. ठेका मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे. धरणात मत्स्यबीजाची बोटुकली सोडायची, ती वाढवायची आणि मग पकडायची, हे काम सभासदांचे. तेव्हा विचारल्याशिवाय गळ टाकणे म्हणजे कुणाच्या शेतात शिरून कणसे खुडण्यासारखेच. मी रीतसर विचारले. एका पन्नाशीच्या गृहस्थाने काठीकडे बघितले, मग माझ्याकडे बघितले आणि म्हणाला, ‘ही काठी फिटरबाबाची हाये.’

वडिलांना होडीतून नेणाऱ्या भोईबाबांचा हा मुलगा. तेव्हा दहा-बारा वर्षांचा होता, होडीतले पाणी डब्याने उपसायचे काम त्याच्याकडे असे. मी त्याला ‘भाऊ’ म्हणू लागलो. तो मला ‘सर’ म्हणत होता, कारण त्याची पुतणी माझ्या हाताखालून गेली होती. खानदेशात अशी ओळख निघायला पाच मिनिटे पुरतात.

सकाळी साडेसहाला आम्ही निघालो. पाण्यावर धुके होते आणि त्यातून बदकांचा कलकलाट येत होता. हतनूरला पक्षीतज्ज्ञांनी महत्त्वाच्या पक्षीक्षेत्रांत गणले आहे. हिवाळ्यात हिमालयापलीकडून पट्टकादंब येतात, चक्रवाक येतात, तलवार बदके आणि लालसरी येतात. उजाडले तशी पाणकावळ्यांची रांग खुंटांवर पंख वाळवत बसलेली दिसली. ‘हे आमचे भागीदार,’ भाऊ म्हणाला. ‘ठेक्याचे पैसे काही भरत नाहीत.’

होडीला वल्हे होते, पण भाऊ ते फारसे वापरत नव्हता. लांब बांबू तळाला टेकवायचा आणि रेटा द्यायचा. विलायतेतही त्या सपाट होड्या अशाच बांबूसारख्या खांबाने रेटतात. मी कौतुकाने तसे म्हटले. भाऊने बांबू वर काढला, त्याचे टोक मला दाखवले. हातभर काळा चिखल.

‘सर, यात कौतुक नाही. माह्या बापाच्या टायमाले इथं बांबू पूर्ण बुडे अन् तळ सापडे ना. म्हनून वल्हं लागे. आता बांबू टेकते, म्हनून बांबू.’

मी डायरी काढली. वडील खोली ‘परसा’त लिहीत. परस म्हणजे माणसाच्या उंचीचे माप. विहीर खणणारे लोक अजून तेच वापरतात. ‘मोटेच्या दगडांसमोर, पाणी खाचेला, ३ परस. फेब्रु. १९८५.’ मोटेचे दगड म्हणजे बुडालेल्या एका विहिरीचे दोन उभे दगड. धरण होण्यापूर्वी तिथे मळा होता. पाणी उतरले की ते दगड अजून वर दिसतात. आम्ही तिथे गेलो. योगायोग असा, की पाणी बरोबर त्या खाचेपाशीच होते. वडिलांचा शिशाचा गोळा तंगुसाला बांधून मी तो सोडला. तंगूस लगेच सैल पडला. मोजला तर सव्वा परस.

पावणेदोन परस पाणी कुठे गेले? त्या जागी माती बसली आहे. तापी मुलताईला उगम पावून सातपुड्याच्या कडेने येते आणि पूर्णा सगळे वऱ्हाड धुऊन येते. चांगदेवाच्या देवळापाशी दोघी एकत्र होतात आणि खाली १९८२ साली पूर्ण झालेले हतनूर त्यांना अडवते. पूर्णेचे खोरे म्हणजे खोल काळ्या गाळाच्या जमिनीचे खोरे. पहिल्या पावसात अकोला-बुलढाण्याच्या शेतातली माती निघते आणि आमच्या दारात येऊन बसते. म्हणूनच पावसाळ्याच्या सुरुवातीला दरवाजे उघडे ठेवून पहिले गढूळ पूर पुढे जाऊ देतात आणि नंतरच्या पाण्याने धरण भरतात. कागदावर या धरणाचा उपयुक्त साठा २५५ दशलक्ष घनमीटर आहे. यावल-चोपड्याकडचा कालवा, भुसावळचे पिण्याचे पाणी, दीपनगरचे वीजकेंद्र आणि केळीच्या बागा, सगळ्यांची मदार त्या आकड्यावर. बांबूच्या टोकाचा हातभर चिखल त्या आकड्यातून दरवर्षी वजा होत असतो. गणिताच्या मास्तराला वजाबाकी शिकवायला याहून चांगले साधन मिळणार नाही.

पण निसर्गाच्या हिशोबात एकाची तूट ती दुसऱ्याची जमा असते. गाळ साचला म्हणून उथळ पाणी वाढले, पाणवनस्पती वाढल्या, आणि म्हणून तर ही हजारो बदके इथे उतरतात. पाणी मागे हटले की उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीवर कुणी भाजीपाला, कुणी टरबूज लावतो. तोटा मात्र खोल पाण्याच्या माशांचा आणि ते धरणाऱ्यांचा. भाऊच्या लहानपणी पंधरा-वीस किलोचा कटला जाळ्यात येणे ही काही बातमी नव्हती. आता जाळ्यात जास्त भरते ती चिलापी. चिलापी म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेची. १९५२ साली ती भारतात आणली गेली आणि बघता बघता सगळ्या तळ्यांची मालकीण झाली.

आम्ही गळ टाकले. वडिलांच्या डायरीत आमिषाची कृती होती. कणिक, त्यात भाजलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीची पूड, चिमूटभर हिंग, मळताना थोडा गूळ. ती मी आदल्या रात्री स्वयंपाकघरातच मळली. आईला वाटले, दशम्यांची तयारी आहे. होडीभोवती आधी पेंड आणि शिळा भात फेकायचा, म्हणजे मासे जमतात. तरंड मोरपिसाच्या दांड्याचे. हलके, पांढरे, पाण्यात ताठ उभे राहणारे. मग बसायचे.

बसणे ही या खेळातली मुख्य गोष्ट. पहिला तास मी गुडघे, कंबर आणि घड्याळ यांच्याशी भांडण्यात घालवला. दुसऱ्या तासात तरंडाखेरीज काही दिसेनासे झाले. आपण एरवी पाण्याकडे किती कमी पाहतो! त्याच्यावर वाऱ्याची एक झुळूक येते, सुरकुती पडते, पुन्हा काच. मधेच एक नदी सुरय वरून सूर मारतो, चांदीची चिंबोळी चोचीत घेऊन उडतो, आणि तुम्हाला तुमच्या काठीची लाज वाटते. अकरापर्यंत माझ्या खात्यावर तळहाताएवढ्या दोन चिलाप्या आणि एक शिंगाळा. शिंगाळ्याच्या पंखाला काटा असतो. तो कसा धरावा हे भाऊने सांगेपर्यंत तो मला लागलाही होता. बोट ठणकत राहिले. गळ माशालाही लागतो, याची आठवण त्या ठणक्याने दिवसभर दिली. या खेळात दुसऱ्या जिवाला वेदना आहे हे लपवून मला तुम्हाला काही सांगायचे नाही.

दुपारी होडी बाभळीच्या सावलीला लावली. मी कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत आणि ठेचा नेला होता. भाऊच्या डब्यात तीच भाकरी आणि सुक्या मासळीची चटणी. त्याने आपला डबा जरा दूर सरकवून ठेवला. मी म्हटले, ‘अरे, मी माळकरी नाही, आई आहे.’ तो म्हणाला, ‘तुमचे बाबा बी असंच म्हनत, पन खात भाकरच.’

जेवताना तो बियाण्याच्या खर्चाबद्दल बोलत होता. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांतले मासे. साठलेल्या पाण्यात ते वाढतात, पण वीण करत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञाने माशाच्याच मेंदूतळीच्या ग्रंथीचा अर्क टोचून त्यांची वीण घडवून दाखवली आणि तिथून देशभरच्या तळ्यांना बी मिळू लागले. आज १० जुलै हा मत्स्य शेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात तो त्याच कारणाने. भाऊला ती तारीख माहीत नव्हती, पण बोटुकलीचा भाव पैशासकट पाठ होता. ‘बी आपन सोडायचं, वर्षभर राखायचं. मंग कोनी काठावर येते, करंट लावते नाहीतर बारीक जाळं, अन् एका रात्रीत नेते. पानी काय कोनाच्या बापाचं हाये, असं वर म्हनते.’

दोननंतर वारा पडला. साडेतीनच्या सुमाराला माझे तरंड किंचित वर उचलले गेले, आडवे झाले आणि सावकाश, घाई न करता, पाण्याखाली चालू लागले. ‘थांबा,’ भाऊ हळूच म्हणाला. ‘आत्ता.’ मी काठी उचलली. त्यानंतरची दहा-बारा मिनिटे मला नीट सांगता येणार नाहीत. साठ वर्षांची ती बांबूची काठी धनुष्यासारखी वाकली, रिळाने किर्रर्र केले, तंगूस पाणी कापत मोटेच्या दगडांकडे निघाला. ‘दगडाकडं जाऊ देऊ नका!’ भाऊने बांबू रोवून होडी वळवली. मासा ओढायचा, मी सोडायचो. तो थकायचा, मी गुंडाळायचो. शेवटी पाण्यात एक तांबूस सोनेरी कूस उलटली आणि भाऊने हातजाळे खाली घातले. रोहू. त्याची झालरीसारखी ओठाची कड, खवल्याखवल्यावरची लालसर झाक. माझे हात थरथरत होते. आनंद झाला, हे खोटे सांगत नाही. आणि त्या आनंदाच्या मागोमाग काहीतरी टोचले, तेही खरे.

‘ठेव तुझ्याकडे,’ मी म्हणालो. ‘आमच्या घरी चालत नाही.’

भाऊ हसला. ‘म्हंजे तुम्ही बी फिटरबाबाच. मंग पावती बी फाडायची का?’

‘कसली पावती?’

‘तुमाले मालूम नाही?’ त्याने मासा ओल्या गोणपाटात गुंडाळला. ‘ते दर रविवारी येत. मासा लागला का काठावर आमच्या संस्थेच्या काट्यावर चढवाले लावत. म्हनत, सभासदाले जो भाव तो नाही, गिऱ्हाइकाले जो भाव तो लाव. पैसे मोजून देत. पावती घेत. अन् मंग मासा माह्या बापाच्या हातात. बाप म्हने, फिटरबाबा, मासा तुम्ही धरला, पैसे तुम्ही दिले, अन् खायचा आमी? ते म्हनत, पान्यात बी तुमचं हाये. मी खेळलो, त्याचे पैसे दिले. आता मासा तुमचा. माह्या बहिनीच्या बाळंतपनात सहा रविवार आमच्या घरी मासा त्याहिनं दिला.’

मी डायरी उघडली. संस्था. सं. म्हणजे संस्था.

वजनाचा रकाना मी आयुष्यात कधी वाचला नव्हता. आमच्या घरात मासा नको होता, म्हणून माशाचे रकानेही नको होते. आम्ही दोघे थेट शेवटच्या रकान्याकडे जायचो, रुपयांकडे. आता होडीत बसून पहिल्यांदा दोन्ही रकाने शेजारी ठेवून वाचले. २ किलो, सं. २४. दीड किलो, सं. १८. पाऊण किलो, सं. ९. सरळ बाराने गुणलेले. पुढच्या वर्षांत भाव वाढला, तसा गुणक वाढला. पाचवीतल्या पोराने सोडवले असते असे त्रैराशिक. चौतीस वर्षे मी वर्गात सांगत आलो, की उत्तराकडे धावण्याआधी उदाहरण पूर्ण वाचा.

त्यांनी घरी का सांगितले नाही, हेही तिथेच उमगले. माळ घातली तेव्हा आईने दोन अटी घातल्या होत्या. घरात मासा येणार नाही आणि या घरचा पैसा मासळीवर जाणार नाही. वडिलांनी दोन्ही मान्य केल्या होत्या. पहिली त्यांनी पाळली. दुसरी पाळायची तर एक तर नाद सोडायला हवा होता, नाहीतर भोयांच्या पाण्यातला मासा फुकट खेळवायला हवा होता. पहिले जमले नाही आणि दुसरे पटले नाही. मग त्यांनी तिसरा रस्ता धरला. बायको आणि मुलगा जुगारी समजतात, तर समजू दिले.

विलायतेतल्या त्या तळ्यांवर पाणी जमीनदाराचे आणि मासा त्याच्या मेहेरबानीचा. आपल्याकडे धरण सरकारचे, बुडालेली जमीन कुणा शेतकऱ्याची, गाळ वऱ्हाडचा, पक्षी हिमालयापलीकडचे आणि मासा ज्याने बी सोडले त्याचा. एका तरंडाभोवती किती जणांची मालकी आहे, हे शेडमधल्या एका फिटरला कुणी न शिकवता कळले होते. सुट्टीचा विरंगुळा दुसऱ्याच्या पोटावर बसून करायचा नाही, एवढा साधा त्यांचा नियम होता. आज धरणाच्या काठी हुल्लड करायला येणाऱ्या, कचरा आणि बाटल्या टाकून जाणाऱ्या गाड्या पाहिल्या, की तो नियम आठवतो.

काठावर मी रोहू काट्यावर चढवायला लावला. २ किलो ४०० ग्रॅम. किलोला दीडशे, म्हणजे ३६० रुपये. भाऊ पैसे घेईना. मी म्हणालो, ‘फिटरबाबांचा मुलगा आहे मी.’ मग त्याने पावती फाडली. मासा गोणपाटासकट त्याच्या सायकलला लागला. निघताना त्याने बांबू पाण्याबाहेर आडवा ठेवला आणि टोकाचा चिखल हाताने निपटला. ‘चांगली माती हाये सर,’ तो म्हणाला. ‘वावरात असती तर सोनं पिकलं असतं.’

घरी आलो तेव्हा आई तुळशीपाशी दिवा लावून ओसरीवर बसली होती. वय सत्त्याऐंशी, कान शाबूत. मी पायरीवरूनच सगळे सांगितले. डायरीतले दोन रकाने बोट ठेवून वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘स्वतः धरलेला मासा विकत घेतला, आणि परत त्यालाच दिला?’

‘हो.’

‘हिशोब कच्चाच होता त्यांचा.’ पदराने तिने डोळे पुसले, की चष्मा, मला अंधारात नीट दिसले नाही. ‘मी मेली संगत म्हणत बसले.’

मी म्हणालो, ‘मीही म्हणालो होतो, आई.’

‘तू पैसे दिलेस का?’

मी खिशातून पावती काढून दिली. तिने ती दिव्यापाशी धरून वाचली, घडी घातली आणि डायरीत ठेवली. मग पुन्हा माझ्या हातांकडे पाहून म्हणाली, ‘आधी मागच्या दारी जाऊन आंघोळ कर. मग देवघरात ये.’